सैतान, गवंडी आणि दगडी पूल

भाचीनं आपल्या फेरीतून सैतानाला काढून टाकलं आहे. जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गला येणारा जवळपास प्रत्येक पाहुणा डॅन्यूबवरच्या दगडी पुलापाशी ज्याची गोष्ट ऐकतो, तोच हा सैतान. भाची त्या गावात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी भारतातून आलेल्या मराठी मंडळींना पायी गाव दाखवते. मी शाळेत इतिहास शिकवला, आणि वर्गात इतिहास नेहमी गोष्टीच्या वाटेनंच नेला. त्यामुळे तिचा निर्णय मला पटला नाही. आम्ही दोघी तिच्या फेरीचा रस्ता पुन्हा चाललो आणि चालताना बोलत राहिलो. त्या बोलण्यातलं महत्त्वाचं तेवढं इथे देते.

आधी ती गोष्ट. पूल बांधणारा आणि कॅथेड्रल बांधणारा यांच्यात पैज लागली, की कोण आधी काम संपवतो. पूलवाला मागे पडू लागला, तेव्हा त्यानं सैतानाशी करार केला. पूल मी पुरा करून देतो, पण त्यावरून आधी जाणारे तीन जीव माझे, असं सैतान म्हणाला. पूल झाला. पूलवाल्यानं त्यावरून एक कोंबडा, एक कोंबडी आणि एक कुत्रा सोडला. फसलेल्या सैतानानं पूल उलथून टाकायला खालून जोर लावला, आणि म्हणून पुलाला मधोमध उंचवटा आला. कॅथेड्रलवाल्यानं हरल्याच्या दुःखात मनोऱ्यावरून उडी घेतली. पुलाच्या मध्यावर एक छोटा दगडी माणूस बसवलेला आहे. डोळ्यांवर हात धरून तो कॅथेड्रलच्या दिशेनं बघतो, तिकडचं काम कुठवर आलं हे पाहत असल्यासारखा.

भाची : आत्या, पूल बांधला ११३५ ते ११४६ या काळात. समोरचं गॉथिक कॅथेड्रल सुरू झालं १२७३ च्या सुमारास, आणि त्याचे दोन मनोरे पुरे झाले १८६९ मध्ये. पैज लावणाऱ्या दोघांमध्ये सव्वाशे वर्षांचं अंतर आहे. ज्या मनोऱ्यावरून उडी घेतली म्हणतात, तो मनोरा पुढची सातशे वर्षं पुरा झालाच नव्हता. मी हे लोकांना कुठल्या तोंडानं सांगू?

मी : खरं म्हणून सांगू नकोस. गोष्ट म्हणून सांग. रायगडावर हिरकणी बुरुजापाशी उभं राहून आपण हिरकणीची गोष्ट सांगतो. ऐकणारा तिथे कड्याकडे बघतो, आणि तो कडा त्याला पहिल्यांदा नीट दिसतो. गोष्टीचं काम तेवढं असतं. बाराव्या शतकातल्या माणसांनी एवढ्या रुंद नदीवर सोळा कमानींचा पूल अकरा वर्षांत उभा राहिलेला पाहिला. माणसाच्या हातून हे होईल यावर त्यांचा विश्वास बसला नसणार. ते आश्चर्य या गोष्टीत टिकून राहिलं आहे.

भाची : आश्चर्यच हवं असेल तर कठड्यावरून खाली बघ. प्रत्येक खांबाभोवती ते दगडी बेट आहे ना, ते खांबाचा पाया पाण्यानं खचू नये म्हणून. ११३५ चा उन्हाळा कोरडा गेला, पाणी खूप खाली उतरलं, म्हणून पात्रात उतरून पाया घालता आला. पण ती बेटं एवढी रुंद झाली की नदीला जायला वाटच कमी उरली. सगळं पाणी कमानींमधून घुसतं आणि पलीकडे निघताना असं गरगरतं. वर येणाऱ्या बोटींसाठी ही जागा शतकानुशतकं धोक्याची होती. आजची मोठी मालवाहू जहाजं तर इथून जातच नाहीत, उत्तरेकडून काढलेल्या कालव्यातून जातात. हे सांगितलं की लोक अर्धा अर्धा मिनिट वाकून बघत राहतात. त्यांना सैतानाची आठवणही होत नाही.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मीही वाकून बघत राहिले. पाण्याचा आवाज पुलावर स्पष्ट ऐकू येतो, कारण १९९७ पासून इथे मोटारी येत नाहीत आणि २००८ पासून बसही बंद आहेत.

भाची : आणि दुसरं म्हणजे माझ्याकडे दोन तास असतात. सैतानाला पाच मिनिटं दिली तर ती कुणाची तरी कमी होतात. ये, इकडे उत्तरेच्या टोकाला ये.

पुलाच्या उत्तरेला स्टाटअमहोफ. आधी ते वेगळं गाव होतं, १९२४ पासून रेगेन्सबुर्गचा भाग आहे. सुबक, फिक्या रंगांच्या घरांचा रुंद रस्ता, आइस्क्रीमची दुकानं. त्याच रस्त्यावर एक इमारत आहे, पूर्वी ‘कोलोसेउम’ नावाचं हॉटेल होतं तिथे. १९४५ च्या मार्चपासून एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिच्या नाचघरात फ्लोसेनब्युर्ग छळछावणीचे सुमारे चारशे कैदी कोंडलेले होते. बॉम्बहल्ल्यात उखडलेले रेल्वेमार्ग दुरुस्त करायला त्यांना रोज दगडी पुलावरून पलीकडे नेत. छावणी हलवली तेव्हा उरलेल्यांना पायी दक्षिणेकडे हाकलत नेलं. आणि त्याच एप्रिलमध्ये, अमेरिकन सैन्य जवळ आल्यावर, जर्मन सैन्यानं हा आठशे वर्षांचा पूल सुरुंग लावून तोडला. त्याच्या कमानी पूर्ववत व्हायला १९६७ साल उजाडलं.

मी : हे सांगतेस तेव्हा लोक काय म्हणतात?

भाची : बहुतेक गप्प होतात. काही जणांना घाई होते, पुढे काय आहे विचारतात. एकदा एका आजोबांनी विचारलं, गावातल्या लोकांना हे कैदी दिसत होते का? दिसत होते ना, आजोबा. रोज, याच पुलावरून. आत्या, तो प्रश्न त्यांना पडला, एवढ्यासाठी मी ही फेरी करते. सैतान सांगितला असता तर ते हसले असते आणि पुलाचा फोटो काढून पुढे गेले असते.

पूल उतरून आम्ही जुन्या गावात शिरलो. डाव्या हाताला मिठाचं प्रचंड कोठार, त्याच बाजूला नदीकाठचं सॉसेजचं जुनं उपाहारगृह, भिंतीवर पुराच्या खुणा कोरलेल्या. पुढे एका गल्लीत बिशपच्या वाड्याच्या भिंतीतच रोमन छावणीचं उत्तरेचं दार उभं आहे. इ.स. १७९ मध्ये, मार्कस ऑरेलियसच्या राज्यात, इथे तिसरी इटालिक पलटण आली, तेव्हाचं. शतकानुशतकं ते दुसऱ्या बांधकामात गडप झालेलं होतं, १८८५ मध्ये सापडलं. मोठमोठे चिरे, मधे चुना नाही. मी हात लावून पाहिला.

पुढे व्यापाऱ्यांचे मनोरे. व्हेनिसशी व्यापार करून श्रीमंत झालेल्या घराण्यांनी तेराव्या-चौदाव्या शतकात इटलीतल्यासारखे उंच मनोरे घरांना जोडून बांधले. त्यांतला सर्वांत उंच सोनेरी मनोरा पन्नास मीटरच्या आसपास आहे. त्यांचा लढाईशी संबंध नव्हता, शेजाऱ्याला आपली ऐपत दिसावी एवढाच हेतू.

मी : आणि हे सगळं इतकं शाबूत कसं राहिलं?

भाची : गाव गरीब झालं म्हणून. व्यापार न्युर्नबर्गकडे आणि आउग्सबुर्गकडे वळला. जुनी घरं पाडून नवीन बांधायला पैसेच उरले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडले ते मुख्यतः विमानाच्या कारखान्यावर आणि रेल्वेवर, जुनं गाव बरंचसं वाचलं. म्हणून २००६ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं. पण त्या गरिबीची किंमत आधी दुसऱ्याच कुणीतरी मोजली होती. चल, तिथेच जाऊया.

ती मला नॉयफारप्लाट्झवर घेऊन आली. मोठा, मोकळा चौक. मध्ये एक चर्च, भोवती दुकानं. चर्चच्या बाजूला जमिनीवर एक पांढरी बैठी रचना आहे, पायऱ्यांसारखी, मधून खांबांच्या बैठका वर आलेल्या. मुलं त्यावरून उड्या मारत होती, दोन बायका खरेदीच्या पिशव्या ठेवून बसल्या होत्या. इस्रायली शिल्पकार दानी काराव्हान यांनी २००५ मध्ये केलेलं हे स्मारक. या जागी उभ्या असलेल्या सिनेगॉगचा आराखडा त्यांनी जमिनीवर मांडला आहे. लोकांनी त्यावर बसावं, भेटावं, हीच त्यांची कल्पना होती.

भाची : इथे ज्यूंची वस्ती होती, पाचशे वर्षं. युरोपभर नावाजलेली पाठशाळा होती. रब्बी येहुदा हे-हसीद इथे राहिले आणि १२१७ मध्ये इथेच वारले. बाराव्या शतकात याच गावचा पेताखिया नावाचा एक माणूस प्राग, कीव्ह करत पार बगदादपर्यंत गेला आणि परत आला. त्याच्या प्रवासाचं वर्णन आजही वाचायला मिळतं. पण इथे राहणं कधीच निर्धोक नव्हतं. १०९६ मध्ये पहिल्या धर्मयुद्धाला निघालेल्यांनी या लोकांना डॅन्यूबमध्ये ढकलून जबरदस्तीनं बाप्तिस्मा दिला. पुढच्या वर्षी सम्राटानं त्यांना आपल्या धर्मात परतायची मुभा दिली. १४७६ मध्ये खोटा आळ आला, ख्रिस्ती मुलांचा बळी देतात म्हणून. कित्येक जणांना चार वर्षं तुरुंगात ठेवलं. सम्राटाच्या दबावामुळे सुटले.

मी : आणि १५१९?

भाची : तोवर गाव कर्जात बुडालं होतं. ज्यूंवर हात टाकता येत नव्हता, कारण ते थेट सम्राटाच्या संरक्षणाखाली होते. कॅथेड्रलचा प्रवचनकार बाल्थासार हुबमायर लोकांना भडकवत होता. जानेवारीत सम्राट माक्सिमिलियन वारला, नवा अजून निवडायचा होता. फेब्रुवारीत नगरपरिषदेनं हुकूम काढला. काही दिवसांत सुमारे पाचशे माणसं गावाबाहेर. सिनेगॉग पाडलं, घरं पाडली, कबरस्तान उखडलं. कबरींचे दगड लोकांनी घरांच्या भिंतींत बसवले. हिब्रू अक्षरं कोरलेले काही अजून दिसतात, दाखवते तुला. हुकूम कळवायला गेलेल्यांत चित्रकार आल्ब्रेख्त आल्टडॉर्फर होता, परिषदेचा सदस्य म्हणून. पाडण्याआधी त्यानं सिनेगॉगच्या आतल्या भागाची आणि देवडीची चित्रं धातूच्या पत्र्यावर कोरली. आज ते सिनेगॉग कसं दिसत होतं हे कळतं ते त्याच चित्रांवरून.

मी त्या पांढऱ्या पायरीवर बसले. माझं बालपण अलिबागचं. आमच्या वर्गात इस्रायल आळीतल्या मुली होत्या, बेने इस्रायलांच्या घरातल्या, आमच्याइतकंच मराठी बोलणाऱ्या. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणत. आळीतलं सिनेगॉग म्हणजे मैत्रिणीच्या घराजवळची एक शांत इमारत, एवढीच माझी ओळख. ते कुणी पाडायला निघेल, ही कल्पना त्या वयात मनात शिरली नसती. पुढे त्यांतली बरीच कुटुंबं इस्रायलला गेली, पण ती आपल्या मर्जीनं गेली. हे मी भाचीला सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, आता गवंड्याची गोष्ट ऐक.

भाची : सिनेगॉग पाडताना याकोब केर्न नावाचा एक गवंडी वरून पडला. सगळ्यांना वाटलं मेला. दुसऱ्या दिवशी तो चालताना दिसला. मारियामातेचा चमत्कार, अशी हाकाटी झाली. पाडलेल्या सिनेगॉगच्या जागी लगेच लाकडी देऊळ उभं राहिलं, त्यात ‘सुंदर मारिया’. हजारोंनी यात्रेकरू लोटले. १५२० या एका वर्षात शिशाचे लाखभर बिल्ले विकले गेले. गावाच्या तिजोरीत पैसा आला. सैतानाची गोष्ट कुणाचं वाकडं करत नाही, मान्य. पण आत्या, ही गोष्ट तशीच सुंदर आहे. पडलेला गरीब माणूस, देवीची कृपा, रात्रीत उभं राहिलेलं देऊळ. गाव दाखवणाऱ्यानं ती गोड आवाजात सांगितली की ऐकणाऱ्याच्या लक्षात गवंडी राहतो, पाचशे माणसं राहत नाहीत. म्हणून मी गोष्टीच नको म्हणते.

मी : इथेच माझं तुझ्याशी जुळत नाही. तू गोष्ट वगळलीस तर तुझ्या सांगण्यात उरतं काय? एक हुकूम, एक तारीख, एक आकडा. नगरपरिषदेनं काढलं आणि ते गेले. मग पुढच्या वर्षी हजारो साधी माणसं गुडघे टेकायला इथे का आली, हे ऐकणाऱ्याला कसं कळणार? ती माणसं परिषदेच्या कर्जासाठी आली नव्हती, गोष्टीसाठी आली होती. पाडापाडीला पुण्य चिकटवलं ते गोष्टीनं. चाळीस वर्षांपूर्वी मुलांच्या बळीचा आळ आला तीही गोष्टच होती. लोकांनी ती ऐकली आणि खरी मानली. तू तारखा सांगतेस, त्या खऱ्या आहेत, पण या जागेवर जे घडलं त्यातलं सर्वांत मोठं हत्यार गोष्ट होतं. ते हत्यार न दाखवता तू प्रसंग सांगतेस.

भाची : मग मी ती दाखवायची कशी? हत्यार दाखवतानाच ते चालू लागतं. गोष्ट अशीच असते.

हा तिचा प्रश्न मला अजून महत्त्वाचा वाटतो. वर्गात शिकवताना माझ्या हातात वर्ष होतं, चूक ऐकलेलं दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येत होतं. तिच्याकडे दोन तास आणि परत न भेटणारी माणसं.

मी : क्रमानं. आधी येहुदा, पेताखिया, पाठशाळा. ऐकणाऱ्याला इथे माणसं दिसू देत. मग कर्ज, मग सम्राटाचा मृत्यू, मग हुकूम. शेवटी गवंडी, आणि त्याच दमात बिल्ल्यांचा हिशोब. तेव्हा गोष्ट गोड लागणार नाही.

भाची : हे चालेल. हे मी करीन. पण सैतान कशाला मग?

मी : त्याचसाठी. पुलावर सैतान सांग, लोक मजेत ऐकतील. कॅथेड्रलपाशी येऊन तारखा सांग, की ती पैज शक्यच नव्हती. मघाशी ऐकताना आपण किती सहज मान डोलावली, हे त्यांचं त्यांना उमगेल. मग इथे ये. गवंडी ऐकताना ते सावध असतील.

भाची : म्हणजे आधी फसवायचं आणि मग शिकवायचं. ते तुझे विद्यार्थी नाहीत, आत्या, पाहुणे आहेत. कॅथेड्रलपर्यंत जो कंटाळून कॉफी प्यायला गेला, तो सैतानच घरी घेऊन जाईल.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही पूर्ण नाही.

चर्चला वळसा घालून आम्ही पुढे निघालो. १५४२ मध्ये गाव प्रोटेस्टंट झालं आणि यात्रेसाठी बांधायला घेतलेलं तेच चर्च नव्या पंथाचं झालं. थोड्या अंतरावर १९१२ मध्ये बांधलेलं सिनेगॉग होतं, नोव्हेंबर १९३८ मध्ये ते जाळलं. त्याच जागेवर २०१९ मध्ये नवं उघडलं आहे, फिकट विटांचं, उजेड भरपूर. तिथून डाखाउप्लाट्झवर. १९४५ च्या २३ एप्रिलला या चौकात गावकरी जमले होते, त्यांत बायका आणि मुलं पुष्कळ. गाव न लढता अमेरिकनांच्या हवाली करा, असं त्यांचं मागणं होतं. कॅथेड्रलचे प्रवचनकार योहान मायर त्यांच्या वतीनं बोलायला उभे राहिले. त्यांना पकडलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे इथेच फाशी दिलं. तीन दिवसांनी गाव न लढताच अमेरिकनांच्या ताब्यात गेलं.

मी : एक प्रवचनकार हुबमायर, एक मायर. एकाच कॅथेड्रलचे.

भाची : हे जोडून सांगायचं माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. आता सांगेन.

संध्याकाळी तिच्या घरी आम्ही फेरीचा कागद नव्यानं लिहिला. गवंडी आत आला, बिल्ल्यांसकट. सैतानाला तिनं एक मिनिट द्यायचं कबूल केलं, पण तारखा पुलावरच, गोष्टीच्या लगेच मागोमाग सांगायच्या, कॅथेड्रलची वाट बघायची नाही. सुरुवात स्टाटअमहोफहून, कैदी ज्या टोकाकडून पूल ओलांडत त्या टोकाकडून. ती वेळ कापायला ती तयार नाही, आणि माझीही इच्छा नाही. वेळ कापली गेली योहान केप्लरची. ग्रहांच्या कक्षा ज्यानं मांडल्या तो केप्लर, थकलेला पगार मागायला नोव्हेंबर १६३० मध्ये घोड्यावरून या गावात आला, आजारी पडला आणि काही दिवसांत वारला. गावाबाहेर पुरलं, आणि थोड्याच वर्षांत तीस वर्षांच्या युद्धात ते कबरस्तानच नाहीसं झालं. भाची म्हणते, त्याची माहिती कुठल्याही पुस्तकात मिळते, पुलावरच्या कैद्यांची मिळत नाही. मी म्हणते, तो वारला ते घर नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे, त्याच्या दारावरून जाताना दोन वाक्यं तरी बोल. तिनं अजून हो म्हटलेलं नाही. फोनवर आमचं हे चालू आहे.